‘जातिवंत’ लिहिण्याआधी आय-बाप विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात बैलगाडा शर्यतीची बातमी होती, सोबत दोन बैलांचा मोठा रंगीत फोटो आणि खाली लिहिलेलं ‘जातिवंत बैलांची जोडी’. त्याच अंकात मागच्या पानावर वधू-वर जाहिरातींत एक जाहिरात होती, ‘जातिवंत, घरंदाज कुटुंबातील उच्चशिक्षित मुलासाठी’ वगैरे. एकाच दिवशी एकाच पेपरात एकच शब्द, एकदा बैलाला आणि एकदा माणसाला, आणि माझं म्हणणं असं की दोन्ही ठिकाणी चुकीचा. चार दिवस डोक्यातनं जाईना म्हणून आज लिहायला बसलोय. पत्र लांब झालं तर काटछाट करा पण मुद्दा राहू द्या ही विनंती.

मी पशुसंवर्धनात नोकरी केली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी आटपाडी, जत, खानापूर ह्या पट्ट्यात. त्यामुळं जातिवंत हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी बाजारात ऐकलाय, आणि तो कोण, कधी, कशाच्या जोरावर उच्चारतं हे लहानपणापासून बघितलंय.

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मला बरोबर न्यायचे. खोंड घ्यायचा असला की आण्णा कधी थेट जाऊन तोंड उघडून दात बघायचे नाहीत. आधी लांबनं एक चक्कर. मग समोर उभं राहून शिंगांची बुडं बघायची, दोन्ही शिंगं बुडाशी एकमेकाला जवळ पाहिजेत आणि मागं जाऊन मग धनुष्यासारखी वर आलेली पाहिजेत. मग पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, सोडल्याबरोबर बसली पाहिजे. गळ्याखालच्या कातडीची पोळी लोंबती नको, कान लहान आणि टोकाला निमुळते, खूर काळे आणि मिटलेले. शेवटी दात, आदत (अजून दुधाचेच दात) आहे का दुसा (दोन दाती) का चौसा (चार दाती). एवढं सगळं झाल्यावर आण्णा मालकाकडं न बघता, खोंडाच्या वशिंडावर हात ठेवून विचारायचे, “अवलाद कुणाची?”

आणि मालकाचा चेहरा खुलायचा. “आय घरचीच हाय, आज्जी दिघंचीची, बाप निंबवड्याचा वळू,” असं तो सांगायला लागायचा. आण्णा तेवढ्यावर थांबायचे नाहीत. आय कामाला कशी होती, तिच्या पोटचे आधीचे खोंड कुणी नेले, ते आता कुणाच्या दावणीला हायत, औत ओढत्यात का बसत्यात. मग खोंडाला चार पावलं चालवून बघायचे, पुढच्या पायाच्या खुणेवर मागचा पाय पडतो का ते. आणि हे सगळं जुळलं तरच, रुमालाखाली बोटं धरून सौदा झाल्यावर, परत येताना वाटेत म्हणायचे, “जातिवंत हाय रं.” सौद्याच्या आधी तो शब्द त्यांच्या तोंडातनं मी कधी ऐकला नाही. एकतर तो म्हटला की भाव वाढतो, पण खरं कारण ते नव्हतं. तो शब्द म्हणजे एक प्रकारची साक्ष होती, आणि खोटी साक्ष द्यायची नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. जातिवंत ह्या शब्दात दोन गोष्टी एकत्र असतात, आय-बाप माहीत असणं आणि काम बघितलेलं असणं. ह्यातली काम ही बाजू काढून टाकली की नुसता जन्माचा गर्व उरतो, जो तुमच्या वधू-वर जाहिरातीत आहे. आय-बापाची बाजू काढून टाकली की नुसती जाहिरातबाजी उरते, जी तुमच्या फोटोखाली आहे.

आमच्या सौ. शाळेत मराठी शिकवायच्या, घरात शब्दकोशांचं एक अख्खं कपाट आहे, रिटायर झाल्यापासून मी पण त्यात डोकं घालतो. जाति हा शब्द संस्कृत ‘जन्’ धातूपासून, म्हणजे जन्माला येणं. जन्म, प्रकार, वर्ग असे अर्थ होत गेले. आपण ‘तो जात्याच हुशार’ म्हणतो त्यातलं जात्या तेच, जन्मानं, स्वभावानं. ‘येथे पाहिजे जातीचे’ म्हणतो तिथं कुणी जातीचा दाखला मागत नसतं, अंगात ती गोष्ट मुरलेली पाहिजे एवढंच म्हणायचं असतं. म्हणजे ह्या शब्दाची एक वाट गुणाकडं जाते आणि एक वाट गावकुसाकडं जाते, आणि महाराष्ट्रात बोलताना दोन्ही वाटा कायम उघड्या असतात, हे लिहिणाऱ्यानं विसरून चालत नाही.

अवलाद तर त्याहून मजबूत उदाहरण आहे. मूळ अरबी शब्द, वलद म्हणजे मूल, त्याचं अनेकवचन औलाद, म्हणजे साधं ‘मुलंबाळं’. वडलांना वालिद म्हणतात ते पण त्याच घरातलं. आपल्याकडं बैलबाजारात तो अजून तसाच सरळ वापरला जातो, वर सांगितलं तसा, अवलाद कुणाची हा आदबीचा प्रश्न आहे आणि मालक त्याची वाट बघत असतो. तोच प्रश्न एसटी स्टँडवर एखाद्या माणसाला विचारा, “कुणाची अवलाद रं तू”, डोकी फुटतील. जनावराला विचारलं की मान आणि माणसाला विचारलं की शिवी. मला वाटतं भाषेनंच इथं आपल्याला शहाणपण दाखवून ठेवलंय, माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो हे लोकांना कुणी न शिकवता कळलेलं आहे. पण तोच प्रश्न घरंदाज, खानदानी, कुलीन, जातिवंत असा इस्त्री करून विचारला की आपण तो पेपरात पैसे घेऊन छापतो.

अस्सल पण असाच. असल म्हणजे मूळ, त्याचं आपण अस्सल केलं आणि तुपापासून पैठणीपर्यंत सगळ्याला लावलं, कमअस्सल मात्र माणसाला घालून पाडून बोलायला ठेवला. पैदास मूळ फारसीतला, पैदा होणं त्यातला. वंश म्हणजे संस्कृतमध्ये बांबू सुद्धा, पेरावर पेर चढत जातं तसा वंश, आणि आपली बासरी पण त्यातलीच. शहरातल्या लोकांना पेडिग्री हा शब्द कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटावरनं माहीत असतो, तो जुन्या फ्रेंचमधला आहे, करकोचाचा पाय, कारण वंशावळीच्या कागदावर बाप-लेकांना जोडणारी रेघ तशी तीन बोटांची दिसायची. त्यांनी पक्ष्याचा पाय बघितला आणि आपण बांबूचं पेर बघितलं, मला ह्या गोष्टी फार आवडतात, सौ. म्हणतात विषयावर या.

तर विषय. जनावराची जात म्हणजे काय हे पण शहरातल्या वाचकाला नीट सांगायला पाहिजे, कारण तिथंच घोटाळा सुरू होतो. खिल्लार ह्या शब्दाचाच अर्थ गुरांचा कळप, कळप राखणारा तो खिल्लारी. म्हणजे एवढ्या नावाजलेल्या जातीचं नाव ना कुठल्या राजाचं ना देवाचं, ती जात ज्यांनी कळप घेऊन माणदेशातनं फिरून सांभाळली त्यांच्या धंद्याचं आहे. त्यातल्या एका शाखेला आटपाडी महाल म्हणतात, कारण औंध संस्थानात आटपाडीचा महाल, म्हणजे तालुक्यासारखा भाग, होता. लाल कंधारी कंधारची. देवणी लातूरकडच्या देवणीची, आणि तिच्यात पण अंगावरच्या रंगावरनं वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार, ते तिथलं शाळेतलं पोरगं सुद्धा लांबनं ओळखतं. डांगी इगतपुरी आणि नगरकडच्या अकोले भागातल्या पावसातली. गवळाऊ वर्धा-नागपूरकडच्या गवळ्यांची. प्रत्येक नावात एक मुलूख आहे किंवा सांभाळणारी माणसं आहेत, आणि त्याच्या मागं एक काम आहे, उन्हात दगडाळ रानात चालायचं का भाताच्या चिखलात. ते काम पिढ्यान् पिढ्या करून घेता घेता, चांगलं ते ठेवत आणि बाकीचं बाजूला काढत ती जात घडलीय. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, १९८४ साली स्थापन झालेला, तिथं ह्या जातींची रीतसर नोंद होते, नोंदणी नंबर मिळतो. आपल्या पंढरपुरी म्हशीची, उस्मानाबादी शेळीची तिथं नोंद आहे. म्हणजे ‘जात’ हा जनावराच्या बाबतीत तपासता येणारा शब्द आहे. मोजमापं आहेत, लक्षणं आहेत, कागद आहे.

ज्या जनावराचा असा काही पत्ता लागत नाही त्याला आम्ही गावठी म्हणतो. त्यात पण गंमत बघा, गाय गावठी म्हटली की हलकी, आणि कोंबडी, अंडी, कोथिंबीर गावठी म्हटली की दुप्पट भाव, आमच्याकडं गावरान म्हणतात. आणि हायब्रीड शब्दाची तर आपण माती केली. हायब्रीड ज्वारी आली तेव्हापासून म्हातारी माणसं कुणी पोरगं दमलं की म्हणणार, हायब्रीड खाऊन हायब्रीड झाली सगळी. संकर म्हणजे काहीतरी कमी, हे डोक्यात पक्कं बसलंय. धंद्यात तसं नाहीये. दोन वेगळ्या रक्तांचं पहिलं पोर बऱ्याचदा दोघांपेक्षा ताकदीचं निघतं हे शास्त्र आहे, आणि गावोगावी लोकांचं दुधावर पोट चाललंय ते संकरित गाईंवरच चाललंय. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली, त्यांचं संकरित गाईंचं काम गावोगाव पोचलंय.

आता एक गोष्ट जी नोकरीत शिकलो आणि जी मला वाटतं सगळ्यांनी ऐकायला पाहिजे. वळू चांगला का वाईट हे ठरवायचं कसं? वळू काही दूध देत नाही. त्याची आई किती दूध देत होती, बाप कोण होता, ह्यावरनं अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. खरा निकाल लागतो त्याच्या लेकींवरनं. त्याचं वीर्य वेगवेगळ्या गावच्या गाईंना भरवायचं, सव्वानऊ महिन्यांनी वासरं, त्यातल्या कालवडी वाढवायच्या, त्या गाभण जाऊन व्यायच्या, मग ३०५ दिवसांच्या एका वेताचं दूध पूर्ण मोजायचं, आणि मग सांगता येतं की हा वळू खरंच चांगला होता. ह्याला पाच-सहा वर्षं सहज जातात, तोवर वळू म्हातारा होतो किंवा मरतो पण, वीर्य मात्र द्रव नत्रात उणे १९६ डिग्रीला राहिलेलं असतं. म्हणजे जिथं हा शब्द शास्त्रानं वापरतात तिथं मोठेपण बाप-आजाकडनं उसनं मिळत नाही, ते लेकी सिद्ध करतात, आणि ते पण मेल्यानंतर. हे मी गावात मीटिंगमध्ये सांगायचो तेव्हा म्हाताऱ्या बायका मान डोलवायच्या, पुरुष मंडळी गप बसायची.

आणखी एक. शुद्ध रक्त, शुद्ध रक्त म्हणून जे चाललेलं असतं त्यावर. गावातला वळू तीन वर्षांच्या वर त्याच गावात ठेवायचा नसतो, बदलायचा असतो, कारण तोवर त्याच्या लेकी माजावर येतात. बाप-लेकीचं रक्त एकत्र आलं, पुन्हा पुन्हा आलं, की वासरं किरकोळ निपजतात, वजन कमी, गाभण राहायला अडचण. म्हणून जुने जाणते पण म्हणायचे, रक्त बदललं पाहिजे. जात टिकवायची तर बाहेरचं आणावंच लागतं, त्याच जातीचं पण लांबचं. कुंपण घट्ट केलं की जात टिकते हा समज ज्यांनी जनावरं सांभाळली नाहीत त्यांचा आहे.

आता माझ्या हातनं झालेली चूक सांगतो. शर्यतीचा आणि हौसेचा बाजार वाढला, सुप्रीम कोर्टानं २०१४ ला शर्यत बंद केली होती ती डिसेंबर २०२१ मध्ये परत चालू झाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला, त्यानंतर तर खोंडाला सोन्याचा भाव आलाय आणि व्हॉट्सॲपवर रोज दहा मेसेज, ‘जातिवंत काजळी खिल्लार खोंड, वय १० महिने, विकणे आहे’. आय कुठाय विचारलं की फोन कट. पण माझी चूक त्याच्या आधीची, नोकरीत असतानाची. एका म्हातारीची एकच खिल्लार गाय होती, चांगली, काजळी, डोळ्याभोवती काळं. तिला खिल्लारच पाहिजे होतं, जर्सी नको. त्या वेळी माझ्याकडं स्टॉक नव्हता म्हणून मी बाहेरनं एका खासगी माणसाकडनं कांडी, म्हणजे वीर्याची नळी, आणली, त्यानं सांगितलं जातिवंत खिल्लार वळूची आहे. कांडीवर वळूचा नंबर असतो, तो पुसट झालेला होता, मी विचारलं नाही. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि खरं सांगायचं तर तो शब्द ऐकूनच ठेवला. दिवस भरले, वासरू झालं. खिल्लारचा गोऱ्हा जन्मतो तेव्हा डोक्यावर तांबूस छटा असते, दोन-तीन महिन्यांत जाते. मी कंदिलाच्या उजेडात ती तांबूस छटा शोधत होतो, आणि समोर गोऱ्ह्याच्या कपाळावर पांढरा चट्टा, पोटावर काळे डाग. म्हातारीला माझ्या आधी कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “आसूंदे डॉक्टर, चीक तर पाजूया आधी.”

तो गोऱ्हा मोठा होऊन तिच्या लेकाच्या औताला नऊ वर्षं चालला. कुणी त्याला जातिवंत म्हटलं नाही आणि म्हणायला नकोच होतं, त्यानं त्याचं काही कमी झालं नाही. पण त्या गाईच्या पोटी एक खिल्लार कालवड झाली असती तर तिची ओळ पुढं चालली असती, ती तिथंच संपली कारण गाय पुढच्या उन्हाळ्यात गेली. शब्द खोटा वापरला की काय होतं ते मी असं बघितलंय. म्हणून तुमच्या फोटोखालची ओळ मला साधी वाटत नाही. वाचणारा एखादा पोरगा तो फोटो सेव्ह करतो, तसलाच बैल जातिवंत म्हणून शोधायला लागतो, आणि विकणारा त्याच फोटोचा दाखला देतो.

आता माणसांचं. ‘जातिवंत कलाकार’, ‘जातिवंत शिक्षक’ असं लिहायची आपल्याकडं जुनी सवय आहे, लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, मी स्वतः निरोपसमारंभात असं बोललोय. पण काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका गावात जत्रेच्या कार्यक्रमात एक पोरगा हलगी वाजवत होता, वय असेल एकोणीस-वीस. काय हात होता त्याचा, लोक उभं राहून ऐकत होते. संपल्यावर निवेदक माईकवर म्हणाला, “जातिवंत वादक आहे, रक्तातच आहे त्यांच्या.” टाळ्या पडल्या. मी पुढच्या रांगेत होतो, पोराचा चेहरा मला स्वच्छ दिसला, हसू होतं ते जागच्या जागी थिजलं. हलगी आपल्याकडं कुठल्या घरातली पोरं वाजवतात हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नंतर चहाच्या टपरीवर भेटला, ओळखीचाच होता, मला म्हणाला, “काका, हात बघून म्हणाले का घर बघून म्हणाले?” मला उत्तर देता आलं नाही. तो रोज पहाटे चार तास कॅनॉलच्या कडेला जाऊन सराव करायचा, बोटांना चिरा पडलेल्या होत्या, त्या एका शब्दानं ते चार तास पुसून टाकले आणि त्याला त्याच्या आज्याच्या जागेवर नेऊन बसवला. त्याच कार्यक्रमात ज्या मुलीनं गाणं म्हटलं तिला निवेदक ‘गुणी गायिका’ म्हणाला होता. तिला गुण आणि ह्याला रक्त.

तेव्हापासून मी माणसाला हा शब्द वापरत नाही.

आणि मराठीत काय शब्दांचा दुष्काळ आहे का? हाडाचा शिक्षक म्हणा. पट्टीचा पोहणारा, मुरलेला राजकारणी, कसलेला पैलवान म्हणा. कसलेला ह्या शब्दात तर कष्ट आधीच बसलेत, जमीन कसतात तसा. ह्यातल्या एका पण शब्दाला आई-बाप विचारावे लागत नाहीत. आपली म्हण पण बैलांचीच आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे इथं रंग, वर्ण. आपण ती म्हण वाईट संगतीबद्दल वापरतो, पण तिच्यात कबूल केलेलंच आहे की दावणीला शेजारी कोण बांधलंय त्यानं गुण बदलतो.

गाण्यातला दाखला द्यायचा तर खानदानी गाणं म्हणतात तो शब्द मला पटतो, कारण तिथं खानदान बदललेलं आहे. अल्लादिया खाँसाहेब उत्तरेतले, त्यांची बरीच वर्षं कोल्हापूर दरबारात गेली, आणि त्यांचं गाणं ज्यांनी पुढं नेलं त्यांत केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीच्या. खाँसाहेबांशी रक्ताचा काही संबंध नाही, तरी घराणं त्यांचं. तिथं वंश तालमीनं चालला, वर्षानुवर्षं समोर बसून. असं खानदानी कुणाला म्हणायचं असेल तर जरूर म्हणा.

वधू-वर जाहिरातीबद्दल जास्त लिहीत नाही. मुलाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, घरात कोण कोण आहे, हे सगळं लिहिता येतं. जातिवंत लिहून वाचणाऱ्याला नेमकं काय कळवायचं असतं ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे, आणि ज्या मुलीच्या घरचे ती ओळ वाचून पान उलटतात त्यांना पण माहिती आहे. जाहिरात घेणाऱ्या माणसानं तेवढा एक शब्द गाळून घ्यायला सांगितलं तर पेपरचा काय तोटा होणार आहे? पैसे तेवढेच मिळतील.

बैलांच्या बाबतीत माझी मागणी सोपी आहे. फोटो छापताना वार्ताहरानं मालकाला दोन प्रश्न विचारावेत, जात कुठली आणि आय कुणाची. उत्तर मिळालं तर ‘खिल्लार खोंड’, ‘देवणी वळू’ असं सरळ जातीचं नाव लिहा, वाचकाला माहिती मिळेल आणि ती जात सांभाळणाऱ्याचं नाव होईल. उत्तर मिळालं नाही तर ‘बैलजोडी’ लिहा, बैलजोडी हा काही कमी शब्द नाही. खरसुंडीच्या यात्रेला तुमचा फोटोग्राफर येणार असेल तर मी दिवसभर त्याच्याबरोबर फिरायला तयार आहे, शिंगापासून खुरापर्यंत सगळं दाखवीन.

आपला,
एक जुना वाचक
आटपाडी, जि. सांगली

ता.क. त्या फोटोतला डावीकडचा बैल खिल्लार आहे, बहुतेक चौसा, चांगला सांभाळलेला आहे. उजवीकडचा मात्र खिल्लार नाही, कान लांब आणि लोंबते आहेत, गळ्याची पोळी मोठी आहे, शिंगं बुडाशीच फाकलेली आहेत, मला त्यात देवणीचं रक्त वाटतंय. बैल तो पण ताकदीचा दिसतोय. मालकाला फोन करून खात्री करा आणि तसं असेल तर दुरुस्ती छापा.